भित्तिपत्रकाची पाठ

माणसाला एखादा तरी छंद असावा, असे आपल्याला शाळेपासून सांगण्यात येते. ‘माझा आवडता छंद’ या विषयावर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रे, एवढ्यावर आपली यादी बहुधा संपते. सायकल शर्यतींची जुनी भित्तिपत्रके जमवणे हाही एक छंद आहे आणि त्यासाठी जगात लोक हजारो-लाखो रुपये मोजतात, हे मलाही दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले, त्या वेळी आमच्या घरातला एक कागद विकून झाला होता. प्रस्तुत लेख त्या कागदाविषयी आहे, आणि त्या निमित्ताने या छंदाविषयी माझे जे मत बनले आहे त्याविषयीही.

माझे आजोबा धर्माबादेत सायकलचे दुकान चालवीत. १९६८ साली त्यांनी ते काढले. तासाने सायकल भाड्याने द्यायची, पंक्चर काढायचे, हवा भरायची, दसऱ्याच्या आधी ओव्हरहॉलिंगची कामे घ्यायची, असा तो धंदा. आजूबाजूच्या खेड्यांतला माणूस रेल्वेने उतरला की मिरचीच्या बाजारात किंवा गोदावरीकाठी बासरला जायला सायकल घ्यायचा. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. दुकान त्याआधीच बंद पडले होते. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर कागदांची एक गुंडाळी सापडली. आजी म्हणाली, “त्याला वाळवी लागायली रे, टाकून दे की कुठं तरी.”

मी ती उघडून पाहिली. आत तीन भित्तिपत्रके होती. पहिले मोठे आणि रंगीत, एका सायकल कंपनीचे. घाट चढणारा, हँडलवर वाकलेला एक शर्यतपटू आणि मागे निळे डोंगर. असली चित्रे मालाच्या पार्सलबरोबर दुकानदारांना यायची. दुसरे साध्या पिवळसर कागदावर, एका रंगात छापलेले. कोणी एक सायकलपटू सात दिवस, सात रात्री खाली न उतरता मैदानात सायकल चालवणार असल्याची ती जाहिरात होती. आपल्या वडीलधाऱ्यांना हा खेळ चांगला आठवत असेल. सायकलवरच जेवण, सायकलवरच आंघोळ, आणि शेवटच्या रात्री नोटांचा हार! तिसरे सर्वांत लहान. ‘स्वातंत्र्यदिनानिमित्त सायकल शर्यत. रविवार, दि. १५ ऑगस्ट. धर्माबाद ते करखेली व परत. पहिले बक्षीस स्टीलचा डबा, दुसरे टॉवेल-टोपी, तिसरे सायकलची घंटी. सायकल स्वतःची अगर भाड्याची चालेल.’ शेवटच्या वाक्यात आजोबांचा हात असावा असा माझा संशय आहे. कोपऱ्यात निळ्या शाईने हाच मजकूर तेलुगूत हाताने लिहिलेला होता. सीमेवरच्या गावाचा तो शिक्काच म्हणायचा.

आता थोडे विषयांतर करतो, म्हणजे या तीन कागदांची किंमत कळेल. हा छंद मूळचा युरोपातला, आणि तो तिकडे रुजला त्याला कारण आहे. सायकलची शर्यत आणि छापखाना ही तिकडे जुळी भावंडे आहेत. १८९१ सालची पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस ही प्रचंड शर्यत एका वृत्तपत्राने भरवली होती. जगप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ १९०३ साली ‘लोतो’ या क्रीडाविषयक दैनिकाने सुरू केली, तीही खप वाढवण्यासाठी. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. ६० जण निघाले, २१ पोहोचले. लहानपणी धुरांडी साफ करणारा मॉरिस गारँ पहिला आला. ते दैनिक पिवळ्या कागदावर छापले जाई, आणि १९१९ पासून आघाडीवीराला जी पिवळी बंडी मिळू लागली तिचा रंग या कागदाशीच जोडला जातो. इटलीची मोठी शर्यत १९०९ साली गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या दैनिकाने सुरू केली, आणि तिथे १९३१ पासून बंडीही गुलाबी आली. म्हणजे शर्यतीला रंग दिला तो कागदाने!

त्याच काळात दगडी छाप्याची कला भरात होती. आलोइस झेनेफेल्डर या जर्मन गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. तेल शाई धरते, पाणी शाई झटकते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. ज्यूल शेरे याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीने पॅरिसच्या भिंती रंगवून टाकल्या. तूलूझ-लोत्रेकसारखा थोर चित्रकारही सायकलच्या जाहिराती काढी. १८९६ साली त्याने सिंप्सन नावाच्या सायकलच्या साखळीसाठी जिमी मायकेल या शर्यतपटूचे चित्र काढले. साखळी नीट काढलेली नाही म्हणून ते नाकारण्यात आले! मग त्याने दुसरे काढले, ते पसंत पडले. आज ती साखळी कोठेच नाही, आणि चित्रे मात्र संग्रहालयांत आहेत. दुकानदाराला माल दिसत होता, चित्रकाराला माणूस. काळाने कोणाच्या बाजूने निकाल दिला हे सांगायला नको.

आपल्याकडे काय? आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यत आहे. खोपोलीकडून खंडाळ्याचा घाट चढताना जो सर्वांच्या पुढे असतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्समध्ये १९३३ पासून अशाच डोंगरवीराची वेगळी गणना होते, आणि १९७५ पासून त्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची बंडी मिळते. आपल्या राजाला आपण नुसता किताब देतो; पण तो शब्द कानाला किती गोड लागतो! घाटावर लोणावळ्याजवळच्या मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, आणि त्यातून निघालेली देवादिकांची दगडी छाप्याची चित्रे घराघरांत गेली. तेव्हा कला, कागद, छापखाना आणि शर्यत, सारे काही आपल्याकडेही होते. जपणूक तेवढी नव्हती.

जपणूक केली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या सिनेसृष्टीत आहे. मूकपटांच्या काळात आपल्याकडे शेकड्यांनी चित्रपट निघाले. त्यांतले बहुतेक नष्ट झाले, मोजकेच हाती राहिले. बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक मात्र उरले. हाती असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुने मानले जाते. भिंतीवर आठ दिवस टिकावे म्हणून काढलेला कागद शतक ओलांडून गेला! पुण्यात १९६४ साली चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी फिती जमवल्या, तशी भित्तिपत्रकेही जमवली. त्याच पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो सारा ठेवा शासनाला दिला. ‘या भंगाराचे काय करायचे?’ हा प्रश्न त्यांनाही अनेकदा ऐकावा लागला असेल.

आता आमच्या घराकडे परत येतो. आमच्या ओळखीच्या एका माणसाकडून बातमी फिरली आणि मोठ्या शहरातला एक संग्राहक आमच्या घरी आला. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी भिंग काढून रंगीत चित्र पाहिले. ते कसे पाहायचे हे मलाही शिकवले. दगडी छाप्यात भिंगाखाली रवाळ, अनियमित पोत दिसतो. नंतरच्या यांत्रिक छपाईत सारख्या अंतरावरचे ठिपके दिसतात. आमचे चित्र ठिपक्यांचे होते. तरीही चित्र सुरेख आहे, शर्यतीचे आहे, असे म्हणून त्यांनी सहा हजार रुपये देऊ केले. बाकीच्या दोन कागदांना त्यांनी हात लावला नाही. “हे लोकल आहे,” एवढेच म्हणाले. ते चित्र घेऊन काय करणार, असे मी विचारले. ते म्हणाले, “फाटलेली खालची पट्टी कापून टाकीन, मागे कापड चिकटवीन आणि चौकटीत बसवीन.”

पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराचे पत्रे गळत होते. सहा हजार रुपये आले, पत्रे बदलले. त्याबद्दल मी घरच्यांना दोष देत नाही. ज्यांच्या डोक्यावर पाणी गळत नाही त्यांनीच कलेसाठी त्याग करण्याचा उपदेश करावा, आणि तोही हळू आवाजात करावा.

पुढची गोष्ट मला नंतर कळली. उरलेला शर्यतीचा कागद मी एके दिवशी उलटा केला. मागे आजोबांच्या अक्षरात उधारीचा हिशेब होता! त्या काळी कोरा कागद महाग. दुकानदार मिळेल त्या कागदाची पाठ वापरीत. तारीख, नाव, किती तास, किती पैसे. नावे मी येथे देत नाही, कारण त्यांतल्या काहींची नातवंडे आपल्याच महाविद्यालयात शिकत आहेत आणि पंचवीस पैशांची उधारी अजून फिटलेली नाही.

मला त्या शर्यतीचे साल हवे होते. आपल्या गावाकडच्या जाहिरातींत वार असतो, तारीख असते, साल नसते. छापणाऱ्याला वाटे की वाचणाऱ्याला साल ठाऊकच आहे. मी गणित केले. पंधरा ऑगस्टला रविवार १९५४, १९६५, १९७१, १९७६, १९८२ या वर्षी आला होता. दुकान १९६८ चे, म्हणजे पहिली दोन साले गळाली. उरलेल्या तिनांपैकी कोणते? उत्तर पाठीवर होते. हिशेबात ‘खडी फोडायच्या कामावरील मुकादम, सायकल तीन दिवस’ अशी नोंद होती. आणि त्याखाली ‘भाड्यापोटी मिलो दोन किलो’. मिलो म्हणजे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल ज्वारी. ती खाल्लेली माणसे अजून तिचे नाव निघाले की तोंड वाकडे करतात. पाठीवर दुष्काळ लिहिला आहे, त्याअर्थी पुढची छपाई त्याच्या आधीची. म्हणजे शर्यत १५ ऑगस्ट १९७१ ची! पुढच्या बाजूने जे लपवले ते पाठीने सांगितले. एका वर्षी ज्या रस्त्यावर पोरे घंटीसाठी सायकली पिटाळत होती, त्याच्या पुढच्याच वर्षी गाव खडी फोडत होते, हे मला इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात एका कागदावर वाचायला मिळाले नसते.

हिशेबाच्या तळाशी आजोबांनी लिहिले होते : ‘पुढे चालू, रंगीत कागदावर.’

वाचकहो, ते वाक्य वाचले आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. रंगीत कागद गेला होता. त्याची पाठ आम्ही कोणी पाहिली नव्हती. दुष्काळ पुढे कसा गेला, कोणी उधारी फेडली, कोणी गाव सोडले, हे सारे त्या घाट चढणाऱ्या शर्यतपटूच्या पाठीवर लिहिलेले होते, आणि आता त्यावर खळ लावून कापड चिकटवलेले असणार. मी आजीला सांगितले. ती म्हणाली, “पैसे लागले, इकलं. त्यात काय एवढं?” आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, “त्यांचं अक्षर मात्र लई ठसठशीत होतं.”

म्हणून माझे मत असे आहे. भित्तिपत्रके जमवणे हा छंद उत्तम. पण त्यांकडे नुसते चित्र म्हणून पाहणारा संग्राहक अर्धाच कागद जमवतो. भित्तिपत्रक हा एक दस्तऐवज आहे. त्याच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रकाचे नाव आणि गाव असते. हे नाव कोणी हौसेने घालत नसे. १८६७ च्या छापखानाविषयक कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. म्हणूनच ती ओळ म्हणजे कागदाचा जन्मदाखला. फाटलेली खालची पट्टी कापणारा माणूस तो दाखलाच फाडून टाकतो. फ्रान्सच्या जुन्या भित्तिपत्रकांवर कराचे तिकीट चिकटवलेले असे, त्यावरून जाणकार काळ ठरवतात. तिकडचा शहाणा संग्राहक ते तिकीट खरवडत नाही. मग आपण आपली पट्टी का कापावी?

कापड चिकटवण्याच्या रीतीलाही मी सरसकट नावे ठेवत नाही. चिंध्या झालेला कागद त्यामुळे वाचतो, हे खरे आहे. तथापि आधी पाठ पाहावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि मगच खळीचे भांडे उघडावे, एवढे तरी करता येईल. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. माझ्याही होता. मी चित्राचे छायाचित्र घेतले, पाठीचे घेतले नाही. ही चूक त्या संग्राहकाची नव्हे, माझी.

यावर माझा एक मित्र म्हणतो, “पॅरिसची भित्तिपत्रके कुठे आणि तुझा स्टीलच्या डब्याचा कागद कुठे! तो कोण विकत घेणार?” कोणीच घेणार नाही, आणि म्हणूनच तो जपण्याची जबाबदारी आपल्यावर पडते. ज्या कागदाला बाजारात भाव आहे त्याला जगभर मायबाप मिळतात. ज्याला भाव नाही तो आपल्या माळ्यावरून थेट रद्दीत जातो. करखेलीच्या शर्यतीची जाहिरात धर्माबादने ठेवली नाही तर ती जगात दुसरे कोण ठेवणार?

दुसरा आक्षेप असा येतो की, गरीब विद्यार्थ्याने असले छंद करू नयेत. उलट मी म्हणतो, हा छंद गरिबालाच साधेल. आपल्या घरांत, बंद पडलेल्या दुकानांत, जुन्या ट्रंकांच्या तळाशी पसरलेल्या कागदांत, कुस्त्यांच्या फडाच्या, शंकरपटांच्या, जत्रांच्या, सायकलच्या खेळांच्या जाहिराती आजही आहेत. त्यांना पैसे पडत नाहीत. पडते ती चिकाटी, आणि आजीजवळ तासभर बसण्याची तयारी.

वेळ मात्र थोडा आहे. आज शर्यतीची जाहिरात मोबाईलवर येते आणि दुसऱ्या दिवशी शंभर शुभेच्छांच्या खाली गाडली जाते. चौकात लागते ते फ्लेक्स. ते मोठे खरे, पण त्याचे पुढे काय होते हे पाहायचे असेल तर आपल्या मिरचीच्या बाजारात जावे. लाल मिरचीच्या ढिगावर कोणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स उलटे पांघरलेले असते. उपयोग झाला, हे चांगलेच; पण पन्नास वर्षांनी त्याच्या पाठीवर कोणाच्या हिशेबाची ओळ सापडणार नाही. प्लॅस्टिकवर आजोबांचा टाक चालला नसता.

म्हणून माझी आपल्या महाविद्यालयाला नम्र विनंती आहे. ग्रंथालयात एक कपाट या कागदांसाठी द्यावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाहून एकेक कागद आणावा; देता येत नसेल तर दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणावीत. प्रत्येकासोबत एक कार्ड असावे : कोठे सापडला, कोणी दिला, लांबी-रुंदी किती, मुद्रक कोण, पाठीवर काय आहे. चिकटपट्टी लावू नये, ती वाळली की कागद पिवळा करून जाते. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. उन्हात टांगू नये. सपाट ठेवावा, किंवा जाड नळीभोवती सैल गुंडाळावा. वाळवी व कसर यांसाठी दर सहा महिन्यांनी उघडून पाहावा. यात खर्चाचे काय आहे? इतिहास, मराठी आणि तेलुगू जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळून करता येईल असे याहून चांगले काम मला तरी सुचत नाही. आणि जाता जाता आणखी एक : आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर दरमहा जे हस्तलिखित ‘भित्तिपत्रक’ लागते, तेही महिना संपल्यावर फाडले जाते. कपाटाची सुरुवात तिथूनच करायला काय हरकत आहे?

मी माझे दोन्ही कागद त्या कपाटाला देणार आहे. आजीची परवानगी घेतली आहे. तिने एकच अट घातली : कागद भिंतीला लावायचा तर दोन्ही बाजू दिसतील असा लावा. तसे कसे करायचे ते मला अजून उमगलेले नाही. दोन काचांमध्ये ठेवून खिडकीपासून दूर, मधोमध टांगावा लागेल. कोणाला सुचले तर सांगावे.

आणि त्या सभ्य गृहस्थांच्या वाचनात हा लेख कधी आला, तर त्यांनाही एक विनंती. चित्र तुमचेच आहे, ते आम्ही मागत नाही. त्यावर अजून कापड चिकटवले नसेल, तर कृपा करून ते एकदा उलटे करा आणि छायाचित्र पाठवा. मिलोच्या ज्वारीनंतर काय झाले, ते आम्हाला वाचायचे आहे.

— एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष